कॅमेरा शिकणाऱ्या मुलांना वेबसाईट बांधायलाही शिकवा

चित्रपट, टेलिव्हिजन आणि मास मीडिया यांचे शिक्षण आता मुंबई-पुण्याच्या मुलांपुरते राहिलेले नाही. उरण, अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातील घरांतूनही मुले-मुली तिकडे वळू लागली आहेत. मुलाने डॉक्टर-इंजिनीअर व्हावे, नाहीतर निदान आखातात जाऊन चार पैसे कमवावेत, अशी आशा धरून बसलेल्या बापाला हे शिक्षण पटवणे सोपे नसते. त्याचा पहिला प्रश्न असतो, शिकून करणार काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर येथे सुचवायचे आहे. या मुलांना चित्रीकरण आणि संकलनाच्या बरोबरीने वेबसाईट बांधण्याचे आणि ती सांभाळण्याचे काम पक्के शिकवले पाहिजे. आणि ते शिकण्यासाठी आपण व्यापारी व कारागिरांनी त्यांना आपल्या दुकानात आणि कारखान्यात बोलावले पाहिजे.

आज काय शिकवले जाते?

या विषयाची देशातील नावाजलेली संस्था पुण्यात आहे. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि १९७४ मध्ये टेलिव्हिजनचे प्रशिक्षणही दिल्लीहून तेथे आले. तेथील टेलिव्हिजन विभागाचे अभ्यासक्रम दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनिमुद्रण या नावांनी ओळखले जातात. २०१७ पासून या संस्थेने पुण्याबाहेरही थोड्या मुदतीचे वर्ग घेतले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु तेथील पूर्णवेळ प्रवेश मोजक्यांनाच मिळतो. आपल्या मुलांचा खरा रस्ता मुंबई विद्यापीठातून जातो, कारण रायगड जिल्ह्यातील महाविद्यालये त्या विद्यापीठाला जोडलेली आहेत.

मुंबई विद्यापीठाचा बी. एम. एम. हा अभ्यासक्रम २०१९-२० पासून बी. ए. मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन झाला. त्याच्या दुसऱ्या वर्षाच्या संगणक विषयात फोटोशॉप, इनडिझाईन, प्रीमिअर यांच्या रांगेत ड्रीमविव्हर हे वेबसाईट करण्याचे सॉफ्टवेअरही ठेवले होते. म्हणजे कल्पना नवी नाही. पण पाच सॉफ्टवेअरच्या गर्दीत शेवटी एक भाग वेबसाईटचा, एवढ्याने कोणी वेबसाईट बांधू शकत नाही. आणि सॉफ्टवेअर शिकणे म्हणजे काम शिकणे नव्हे. सुताराचा मुलगा रंधा कोणत्या कंपनीचा हे शिकत नाही, तो लाकूड ओळखायला शिकतो.

फ्लॅशचे उदाहरण घ्या. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी चित्रपटांच्या वेबसाईट म्हणजे फ्लॅश, असेच समीकरण होते. चित्र हलायचे, संगीत वाजायचे. पुढे मोबाईलवर ते चालेना आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी कंपनीनेच फ्लॅशचा आधार काढून घेतला. ज्यांना फक्त फ्लॅश येत होते त्यांचे शिक्षण त्याबरोबर वाया गेले. ज्यांनी एचटीएमएल ही पानाची मूळ भाषा शिकून घेतली होती त्यांचे काम चालूच राहिले.

दुसऱ्याच्या जागेतला माल

आता प्रश्न असा की, यूट्यूब आणि इन्स्टाग्राम फुकट असताना वेबसाईट हवी कशाला?

जून २०२० मध्ये आपल्या किनाऱ्यावर दोन तडाखे बसले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धन-मुरूडच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, वीज आणि फोन कित्येक दिवस बंद राहिले. दुसऱ्या तडाख्याची चर्चा कमी झाली. २९ जूनला केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली आणि त्यात टिकटॉक होते. खेड्यापाड्यातल्या हजारो मुलांनी मेहनतीने जमवलेले प्रेक्षक आणि तयार केलेले व्हिडिओ रातोरात दिसेनासे झाले. बंदी योग्य की अयोग्य हा येथे विषय नाही. आपल्या कामाचा दाखला दुसऱ्याच्या जागेत ठेवला की ती जागा बंद होण्याचा निर्णयही दुसऱ्याच्याच हाती राहतो, एवढेच ध्यानात घ्यायचे. जिओसिटीजवर लोकांनी बांधलेली लाखो पाने २००९ मध्ये गेली. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले. जत्रेत पाल ठोकणाऱ्याला हे सांगायला नको. जत्रेत धंदा होतो, पण जत्रा उठली की गिऱ्हाईक आपल्याला शोधणार कुठे? त्यासाठी गावात आपला गाळा लागतो.

म्हणून यूट्यूब सोडा असे कोणी म्हणत नाही. नाक्यावर पाटी जरूर लावावी. परंतु पाटीवर पत्ता आपल्या दुकानाचा असावा.

हे काम कॅमेरावाल्याचे का?

कोणी म्हणेल, वेबसाईट हे संगणकवाल्याचे काम. चित्रपटवाल्याने त्यात का पडावे? त्याला अमेरिकेतील एक दाखला आहे. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात चित्रपट शिकलेल्या दोघा तरुणांनी 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' नावाचा अगदी थोड्या पैशांचा चित्रपट केला. त्यांच्यापैकी एदुआर्दो सांचेझ याला वेबसाईट करण्याचे ज्ञान होते. त्याने चित्रपटाची वेबसाईट स्वतः उभी केली आणि प्रदर्शनापूर्वीच लोकांत कुतूहल पसरले. १९९९ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलरचा धंदा केला. काय आधी दाखवायचे, काय मागे ठेवायचे, पाहणाऱ्याला पुढच्या पानावर कसे न्यायचे, हे चित्रपटवाल्याचे कसब वेबसाईटवर जसेच्या तसे उपयोगी पडले.

याच दाखल्यात एक धोकाही आहे. त्या वेबसाईटवर रचलेली गोष्ट खरी घटना म्हणून मांडली होती आणि कित्येकांनी ती खरी मानली. भुताच्या चित्रपटात ते खपले असेल. धंद्यात खपणार नाही. कॅमेरा शिकलेल्या मुलाला वाईड लेन्सने लहान खोली मोठी दाखवता येते आणि रंग सुधारून शिळी मासळी ताजी दाखवता येते. असे फोटो पाहून आलेला पाहुणा पुन्हा येत नाही आणि दहा जणांना सांगतो. माल आहे तसा दाखवणे, दोष असेल तर तो लिहिणे, हा धडाही अभ्यासक्रमात असला पाहिजे.

दुसरा आक्षेप नवा आहे. आता तयार साच्यात घडीभरात वेबसाईट होते, कृत्रिम बुद्धिमत्ताही करून देते, मग शिकायचे कशाला? तयार कपडे मिळू लागले म्हणून शिंप्याची विद्या निरुपयोगी झाली नाही. साचा घेतला तरी त्यात काय भरायचे हे माणसालाच ठरवावे लागते, आणि बिघडले तर शिवण उसवून पाहणारा लागतो. यंत्राने लिहिलेल्या पानावरचा भाव आणि फोन नंबर बरोबर आहे का, हे त्या गावातला माणूसच सांगू शकतो.

किनाऱ्यावर कामाची कमतरता नाही

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी घेऊन जाणारी रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईचा पर्यटक अलिबागच्या अधिक जवळ आला. तो घरून निघण्यापूर्वी मोबाईलवर सर्व पाहतो. आपण त्याला काय दाखवतो?

राजपुरीहून जंजिरा किल्ल्यावर होड्या जातात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो म्हणून किल्ला बंद ठेवतात. तरी जुलैमध्ये कुटुंबे मुलाबाळांसह येतात आणि धक्क्यावरून परत जातात. होडी केव्हा सुरू, भरतीच्या वेळी काय अडचण, भाडे किती, वृद्धांना चढता येईल का, एवढे सांगणारे एक साधे पान आणि होडीतून चढण्या-उतरण्याचे मिनिटभराचे चित्रण त्यांचा त्रास वाचवील. घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारे, सुक्या मासळीचे व्यापारी, श्रीवर्धनच्या सुपारीचे बागायतदार, होड्या बांधणारे सुतार, बेकरीवाले, शिंपी, या सर्वांचे असेच आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. खरा माल कोणाकडे मिळेल हे गिऱ्हाईक शोधत असते. आखातात आणि केपटाऊनमध्ये राहणाऱ्या आपल्या कोकणी माणसांनाही गावचा माल हवा असतो. होडी बांधताना फळी कशी वाकवतात हे जो दाखवील, त्याच्याकडे काम आपोआप येईल. ते चित्रण करायला मुंबईहून माणूस आणण्याची गरज नाही.

नेमके काय शिकवावे?

पहिले, एचटीएमएल आणि सीएसएस हाताने लिहायला शिकवावे. एक पान स्वतः लिहिले की साच्याची भीती जाते.

दुसरे, व्हिडिओचे वजन. मोबाईलवर ४के मध्ये घेतलेले मिनिटभराचे चित्रण सहज दोन-तीनशे एमबीचे होते. दिघी किंवा आगरदांड्याच्या धक्क्यावर एका काडीच्या नेटवर्कवर ते उघडणार नाही. ते लहान कसे करावे, आवाज बंद असताना समजावे म्हणून खाली मजकूर कसा द्यावा, हे संकलन शिकणाऱ्या मुलाला लवकर येईल.

तिसरे, मराठी युनिकोडमध्ये टाईप करणे. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. तरी आपल्या छापखान्यांत आणि व्हिडिओच्या पाट्यांत अजून जुने फॉन्ट वापरले जातात. तो मजकूर वेबसाईटवर टाकला की दुसऱ्याच्या संगणकावर नुसती वेडीवाकडी अक्षरे दिसतात आणि शोधणाऱ्याला सापडत नाही. २०१४ पासून '.भारत' असे देवनागरी नावही घेता येते.

चौथे, हक्क. चित्रपटातले गाणे व्हिडिओखाली लावता येत नाही. कॉपीराईट कायदा १९५७ चा आहे आणि तो छोट्या दुकानालाही लागू आहे. कारागिराचा किंवा घरातील स्त्रियांचा चेहरा दाखवायचा तर आधी परवानगी घेतली पाहिजे.

पाचवे, देखभाल. नावाचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. पासवर्ड, मजकुराची दुसरी प्रत, बदललेला भाव, हे न सांभाळलेली वेबसाईट म्हणजे कुलूप लागलेले दुकान.

आपण काय करावे?

नव्या शैक्षणिक धोरणाखाली महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना गुण आहेत. विद्यार्थ्याने त्यात गावातील एका व्यापाऱ्याची किंवा कारागिराची खरी वेबसाईट करावी आणि वर्षभर चालवून दाखवावी, असे महाविद्यालयांनी ठरवले तर वेगळ्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही. शिक्षकांना भेटून हे सुचवण्याचे काम आपल्या व्यापारी मंडळांनी करावे.

व्यापारी बंधूंनी तीन गोष्टी पाळाव्यात. वेबसाईटचे नाव नेहमी स्वतःच्या नावावर घ्यावे. त्याला वर्षाकाठी साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. करून देणाऱ्याच्या नावावर ते राहिले तर उद्या तो परगावी गेला की आपलेच दुकान आपल्याला उघडता येत नाही. दुसरे, मुलाला कामाचे पैसे द्यावेत. गावचा मुलगा, आपल्या ओळखीचा, म्हणून फुकट राबवून घेण्याची सवय वाईट आहे. गवंड्याला आपण मजुरी देतो, तशी ही मजुरी आहे, आणि दरमहाच्या देखभालीचे थोडे पैसे ठरले तर त्याचा संसारही उभा राहील. तिसरे, मुलींना या कामातून वगळू नये. चित्रीकरणासाठी फिरणे ज्यांना अडचणीचे वाटते अशा मुलींनाही वेबसाईटचे काम घरी बसून करता येते.

चित्रपट शिकलेला प्रत्येक मुलगा दिग्दर्शक होणार नाही. बरेच जण अंधेरीला सहाय्यकाच्या रांगेत वर्षे काढतात आणि थकून परततात. ज्याच्या हाती कॅमेऱ्याबरोबर वेबसाईटचे हुन्नर असेल, त्याला मुरूडमध्ये बसूनही रोजी मिळेल आणि आपला चित्रपट करायची हिंमतही टिकेल. शिकून करणार काय, असे विचारणाऱ्या बापाला हे उत्तर देता आले पाहिजे. त्याची सुरुवात येत्या सत्रात एका दुकानापासून झाली तरी पुरे.