शाळाप्रवेशाची सोडत आणि आपले भाडेकरू

शेतकी मासिकाच्या पानांत शाळाप्रवेशाचा विषय कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. कांद्याचे भाव, खतांची महागाई, उसांत दडणारा बिबट्या हे आपले नेहमींचे विषय संपले आहेत असें मुळींच नाहीं. परंतु चाकण व आसपासच्या गांवांतील शेतकरी आतां नुसता शेतकरी राहिलेला नाहीं. तो घरमालकही झाला आहे. गरिबाच्या मुलाचा चांगल्या शाळेंतील प्रवेश ज्या दोन कागदांवर अडतो, त्यांपैकीं एक कागद आपल्या घरांतून निघावयाचा असतो, तो आपण देत नाहीं. आणि दुसरा आपणांस मिळूं नये असा असतो, तो आपण बिनदिक्कत काढून आणतों. म्हणून ही गोष्ट आपसांतच बोललेली बरी.

प्रथम कायदा काय आहे तें थोडक्यांत सांगतों. बालकांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या बाराव्या कलमान्वयें खाजगी विनाअनुदानित शाळांनीं आपल्या प्रवेशाच्या पहिल्या वर्गांतील निदान शेंकडा पंचवीस जागा शेजारच्या वंचित व दुर्बल घटकांतील मुलांस द्यावयाच्या आहेत. शाळाचालकांनीं याविरुद्ध दाद मागितली; सर्वोच्च न्यायालयानें १२ एप्रिल २०१२ रोजीं कायदा उचलून धरला, अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा तेवढ्या वगळल्या. या मुलांची फी सरकार शाळेस देतें. आपल्या राज्यांत ती दर मुलामागें वर्षास जास्तींत जास्त १७,६७० रुपये धरली गेली, आणि ती वेळेवर हातीं पडत नाहीं ही शाळाचालकांची तक्रार खोटी नाहीं. वंचित घटकांत अनुसूचित जाती व जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग, दिव्यांग वगैरे येतात. त्यांस उत्पन्नाची अट नाहीं. बाकीच्यांस मात्र घरचें वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आंत आहे असा दाखला लागतो. अर्ज जागांहून अधिक झाले म्हणजे संगणकावर सोडत काढतात. २०२५-२६ या वर्षासाठीं राज्यांत सुमारें १,०९,००० जागा होत्या आणि अर्ज आले ३,००,००० हून अधिक.

मध्यंतरीं हें दारच बंद होण्याची वेळ आली होती. ९ फेब्रुवारी २०२४ रोजीं सरकारनें नियम बदलून, ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तिला या पंचवीस टक्क्यांतून मोकळें केलें. मुंबई उच्च न्यायालयानें ६ मे रोजीं त्यास स्थगिती दिली व १९ जुलै २०२४ रोजीं तो बदल रद्द ठरविला. पुढच्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानेंही त्या निर्णयांत हात घालण्याचें नाकारलें. दार उघडें राहिलें हें चांगलेंच झालें. पण त्या दारांतून कोण आंत जातें, हें पाहूं लागलों तेव्हां आमचा आनंद बराच ओसरला.

सोडतीविषयीं आमची तक्रार नाहीं. संगणकास कोणाचा भाचा कोण हें ठाऊक नसतें. वशिला चालतो तो सोडतीच्या आधीं, अर्जास कागद जोडण्याच्या वेळीं. आणि तेथें संगणक नसतो, आपण असतों.

आधीं उत्पन्नाचा दाखला घेऊं. आमची उमर महसूल खात्याच्या कारकुनींत गेली, तेव्हां हा कागद कसा जन्मास येतो हें आम्हांस इतरांहून थोडें अधिक माहीत आहे. अर्जदार आपलें उत्पन्न स्वतःच घोषित करतो. तलाठी, ज्यांस हल्लीं ग्राम महसूल अधिकारी असें नवें नांव मिळालें आहे, सातबारा व आठ-अ चा उतारा पाहतात, दोन माणसांस विचारतात आणि अहवाल देतात. त्यावर तहसील कचेरींतून दाखला निघतो. आतां महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या बाजूचा कोणताही खातेदार घ्या. जमिनीचा मोठा भाग औद्योगिक वसाहतीस गेला. मोबदल्याच्या पैशांत रस्त्याकडेला दहा-वीस खोल्यांची चाळ उठली. भाडें दर महिन्यास हातांत रोख येतें. सातबाऱ्यावर मात्र राहिलेले वीस गुंठे तेवढे दिसतात, आणि वीस गुंठ्यांचें उत्पन्न साठ हजार लिहिलें तर तें कोणासही कमी वाटत नाहीं. कागद खोटा म्हणावा तर उतारा खरा आहे; खरा म्हणावा तर दाराशीं चारचाकी उभी आहे. दाखल्यांत सर्व मार्गांचें उत्पन्न धरावयाचें असतें, भाडेंही त्यांत आलें, हें तलाठ्यास कळतें, कारकुनास कळतें, अर्जदारास तर कळतेंच. पण गांवांत रोज तोंड पाहावयाचें असतें, म्हणून कोणी बोलत नाहीं. असे कागद आम्हींही वर सरकविले आहेत. पैसे घेऊन नव्हे, हें सांगावेंसें वाटतें. पण भिडेनें सरकविलेला कागद आणि पैशानें सरकविलेला कागद, दोन्ही सोडतींत सारखेच पडतात.

उलट ज्याच्यासाठीं ही अट केली त्याची गंमत पाहा. गंमत म्हणवत नाहीं, पण दुसरा शब्द सुचत नाहीं. कारखान्यांत ठेकेदाराकडे राबणाऱ्या मजुराचा पगार बँकेंत जमा होतो. महिन्यास साडेबारा हजार धरले तरी वर्षाचे दीड लाख झाले. तो उघड उघड अटीच्या बाहेर गेला. त्याचें उत्पन्न लपत नाहीं, कारण तें लपविण्याजोगें नाहींच. तो वंचित घटकांतील असेल तर उत्पन्नाचें बंधन सुटतें; पण बिहार वा उत्तर प्रदेशांतून आलेल्यापाशीं आपल्या राज्याचा जातीचा दाखला कोठून असणार? म्हणजे चाळीचा मालक कागदोपत्रीं दुर्बल आणि त्याच चाळींतला भाडेकरू कागदोपत्रीं सधन, अशी ही व्यवस्था आहे. यांत लाखाची मर्यादा आज फारच तोकडी आहे हा सरकारचा दोष आहे, तो आम्ही नाकारीत नाहीं. परंतु खोटें लिहिण्याची सक्ती सरकारनें कोणावर केलेली नाहीं. २०२४ सालीं नागपुरांत अशाच प्रवेशांसाठीं बनावट कागद जोडल्यावरून पालकांवर फौजदारी गुन्हे दाखल झाले होते. आपल्याकडे तसें व्हावें अशी आमची इच्छा नाहीं. पण होणार नाहीं असेंही कोणी समजूं नये.

आतां दुसरा कागद, रहिवासाचा पुरावा. आणि खरा अन्याय आम्हांस येथें दिसतो. प्रवेश शेजारच्या मुलास द्यावयाचा, तेव्हां मूल शेजारचें आहे हें दाखवावें लागतें. भाड्यानें राहणाऱ्याच्या शिधापत्रिकेवर आणि आधारकार्डावर गांवाकडचा पत्ता असतो. त्यानें नोंदणी केलेला भाडेकरार जोडावा, आणि तो अर्ज भरण्यापूर्वींचा असावा, असा नियम आहे. नियम चुकीचा नाहीं, कारण नाहींतर पुण्यांतला मनुष्य चाकणचा पत्ता लिहील. पण हा करार करून देतो कोण? चाकणच्या भोंवतीं आज ज्या हजारों खोल्या आहेत, त्यांतल्या किती खोल्यांचा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला आहे, हें वाचकांनीं आपल्या मनाशींच मोजावें.

करार कां नको, असें विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें : कागदावर नांव चढलें कीं तो कूळ होतो, मग निघत नाहीं. ही भीति कोठून आली हें आम्हांस कळतें. १९४८ चा कुळकायदा आणि १९५७ चा १ एप्रिल हा कृषकदिन आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनें पाहिला आहे. कोणाची जमीन गेली, कोणाची आली, तें अजून प्रत्येक वाड्यांत सांगतात. परंतु तो कायदा शेतजमिनीचा व ती कसणाराचा होता. राहत्या खोलीस महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागतो. त्यांत अनुमति व परवाना या पद्धतीनें खोली दिली तर मुदत संपतांच ती परत मिळविण्यासाठीं चोविसाव्या कलमांत वेगळी व जलद सोय आहे. शिवाय पंचावन्नाव्या कलमाप्रमाणें करार लेखी करून नोंदविणें बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नव्हे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इतकेंच नव्हे, लेखी करार नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच, उलट शाबीत होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. म्हणजे ज्या भीतीनें आपण करार टाळतों, ती भीति करार नसण्यांतच अधिक आहे.

खरें कारण निराळें आहे, तें आपण जाणतों. खोल्या बिनशेती न करतां बांधलेल्या आहेत. घरपट्टीच्या उताऱ्यावर दोन आणि जागेवर सहा आहेत. भाडें कोठेंच दाखविलेलें नाहीं. करार नोंदला कीं हें सारें उजेडांत येतें. आणि भाडें दाखविलें तर लाखाच्या आंतला तो दाखला कसा मिळावयाचा? असे हे दोन्ही कागद एकमेकांशीं बांधलेले आहेत. एका मुलाचा पत्ता आपण दडवितों म्हणूनच दुसऱ्या मुलाचें उत्पन्न दडतें.

हें आम्ही परक्यावर ढकलून लिहीत नाहीं. आमच्याही चार खोल्या आहेत. त्यांतल्या एकींत परभणीकडील एक कुटुंब राहत असे. गृहस्थ ठेकेदाराकडे कामास, बाई एका कँटीनमध्यें पोळ्या करावयास जाई. मुलगी सहा वर्षांची होत आली होती. जातीचा दाखला होता, जन्माचा दाखला होता, आमच्या खोलीपासून शाळा हांकेच्या अंतरावर होती. जानेवारी २०२५ मध्यें अर्ज सुरू झाले तेव्हां ते गृहस्थ आमच्याकडे आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहून म्हणाले, "काका, तेवढा करार करून द्या, खर्च मी करतो." आम्ही म्हणालों, पुढच्या आठवड्यांत पाहूं. पुढच्या आठवड्यांत आमच्याकडे लग्न होतें. त्यापुढच्या आठवड्यांत आम्हांस सवड होती, तरी आम्ही सवड नाहीं असें सांगितलें. कारण आमच्याही उताऱ्यावर दोनच खोल्या होत्या. मुदत टळली. मुलीचा अर्ज भरलाच गेला नाहीं, तेव्हां सोडतींत तिचें नशीब काय होतें हें कोणासच कळणार नाहीं. त्याच वर्षीं आमच्या आळींतल्या एका सधन घरच्या नातवाचें नांव दुर्बल घटकाच्या यादींत लागलें. पेढे आमच्याकडेही आले, आणि आम्हीं ते खाल्ले.

कोणी म्हणेल, बाहेरून आलेल्यांची एवढी काळजी कशाला. आधीं आपलीं मुलें. या म्हणण्यास आपल्याच इतिहासांत उत्तर आहे. गेल्या शतकापूर्वींच्या काळांत शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकलफंड घेत आणि त्याचा कांहीं हिस्सा शाळांवर खर्च होई. पण त्या शाळांत कुणब्याचें पोर क्वचित् दिसे. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जोतीराव फुले यांनीं हेंच मांडलें, कीं सरकारचा पैसा रयतेच्या घामाचा आणि त्या पैशाची विद्या मात्र वरच्या वर्गांच्या घरीं जाते. फुले स्वतः शेती करीत. दारांत अडविलेल्यांची बाजू त्यांनीं घेतली तेव्हां दाराबाहेर आपले पूर्वज उभे होते. आज चाकणच्या कारखान्यांचा गाडा ज्यांच्या हातांवर चालतो आणि ज्यांच्या भाड्यावर आपल्या घरांत वरचे मजले चढले, ते बाहेर उभे आहेत, आणि कडी आपल्या हातीं आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत ना, तेथें जा, असेंही म्हणतात. तेथें कोणास अडवीत नाहींत ही गोष्ट खरी; वयाचा पुरावा नाहीं म्हणूनही प्रवेश नाकारतां येत नाहीं असें कायद्याचें चौदावें कलम सांगतें. आणि त्या शाळा कमी प्रतीच्याच असतात असेंही नाहीं. आपल्याच खेड तालुक्यांतील जालिंदरनगरची शाळा बोटांवर मोजण्याइतक्या मुलांमुळें बंद पडण्याच्या बेतांत होती. तीच २०२५ सालीं जगांतील उत्तम शाळांच्या स्पर्धेंत लोकमताच्या पुरस्कारास पात्र ठरली. गांवकऱ्यांनीं मनावर घेतलें तर काय होतें हें त्यावरून दिसतें. मात्र ज्यांची मुलें पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेंत जातात, त्यांनींच मजुरास मराठी शाळेचे गुण सांगावेत, हें आम्हांस ऐकवत नाहीं.

आमच्या संस्थेच्या सभासदांपुढें एक साधी सूचना आहे. सोडतीचे अर्ज हिंवाळा संपतांना निघतात. ज्यांच्या खोल्यांत पांच-सहा वर्षांचें मूल आहे त्यांनीं दिवाळी झाल्यावर लगेच करार नोंदवून टाकावा. हल्लीं तें काम संगणकावर, कचेरींत न जातां, मालक व भाडेकरू यांच्या अंगठ्याच्या ठशावर होतें, आणि मुद्रांक व फी मिळून होणारा खर्च एका महिन्याच्या भाड्याहून थोडाच असतो. संस्थेच्या कार्यालयांत यासाठीं एक दिवस ठरवून द्यावा. अर्ज भरण्याचें काम आम्ही विनामूल्य करूं. दाखल्याविषयीं सूचना करण्याचा अधिकार आम्हांस उरलेला नाहीं, तेव्हां इतकेंच सांगतों कीं पंच म्हणून सही करण्यास यापुढें आमच्याकडे कोणी येऊं नये.

आम्हीं चारही खोल्यांची घरपट्टी लावून घेतली व चारही करार नोंदविले. परभणीचें तें कुटुंब दिवाळीनंतर खोली सोडून गेलें होतें. हल्लीं तेथें राहणाऱ्या गृहस्थांचें मूल अवघें दोन वर्षांचें आहे. त्यांस करार कशासाठीं हवा तेंच कळेना, तरी सही केली.