टीसीएलचा वास आणि शहाण्यांची नाकं

कोल्हापूर जिल्ह्यात पाण्यावर बोलायला पदवी लागत नाही. पंचगंगेकाठी घर असलं की पुरतं. अशाच एका सुशिक्षित गृहस्थांनी अलीकडे एक सिद्धान्त मांडला. गावच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकणं म्हणजे लोकांना विष पाजणं. वाडवडील नदीचं पाणी ओंजळीनं प्यायले आणि धडधाकट राहिले. तपासण्या, रजिस्टरं, पाण्याच्या जोखमीची लाल-हिरवी कार्डं हा सगळा कागदी खेळ. तेव्हा ग्रामपंचायतीनं हा व्याप सोडावा, चौकात आरओ बसवावा आणि ज्याला प्यायचंय त्यानं पैसे टाकून जार भरून न्यावा. टाळ्या पडल्या. पडणारच, या सिद्धान्तात पाणीपट्टीचा उल्लेख नाही.

वाडवडिलांचं आधी उरकू. जे धडधाकट राहिले त्यांचीच नातवंडं आज भाषणं करतात. जे पटकीत गेले त्यांच्या वतीनं बोलायला कोणी उरलं नाही. पटकीची देवी मरीआई, तिचा गाडा गावं वेशीबाहेर ओढून नेत होती ती काही हौसेनं नव्हे. गृहस्थांनी आषाढातल्या त्र्यंबोलीच्या यात्रेचाही दाखला दिला. ‘पी ढबाक’च्या गजरात पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोलीलाच, नेतात हे खरं, पण तिथं ते देवीच्या पायरीवर ओततात.

आता या ‘विषा’च्या वासाबद्दल. हा आक्षेप नीट उलगडायला हवा, कारण गावोगावचा पाणी सोडणारा याच्याच दडपणाखाली असतो. सकाळी नळ सुटतात, कुणीतरी भांडं नाकाशी नेऊन ‘औषध लई झालंय’ म्हणतं, आणि दुसऱ्या दिवशी मात्रा अर्ध्यावर येते. हिशेब तर साधा आहे. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे लाख लिटरच्या टाकीला अर्धा किलो पावडर. पावडर ताजी असेल तर तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन, म्हणजे लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर. पण तेच पोतं ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, ओल आलेल्या भिंतीला टेकून, तोंड उघडं पडलं असेल, तर क्लोरीन उडून जातो आणि चुना उरतो. पंधरा टक्क्यांवर आलेली पावडर त्याच मापानं टाकली की लिटरमागे पाऊण मिलिग्रॅमच पडतो. पावसाळ्याच्या तोंडावर नदीला नवं पाणी येतं तेव्हा गाळ आणि कुजका पालापाचोळाच त्यातला बराचसा खाऊन टाकतो. जंतूंच्या वाट्याला काय येणार? भारतीय मानक (आयएस १०५००) सांगतं की क्लोरीन घातलेल्या पाण्यात वापराच्या ठिकाणी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे, आणि १०० मिलिलिटरच्या नमुन्यात ई. कोलाय सापडताच कामा नये. वापराचं ठिकाण म्हणजे टाकीखालचा सरपंचांचा नळ नव्हे. शेवटच्या गल्लीतला, जिथं धार करंगळीएवढी येते तो.

ज्यांना हे सारं बाऊ करणं वाटतं त्यांनी कॅनडातल्या वॉकर्टनकडे पाहावं. जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव, भोवती शेती आणि गुरं. मे २००० मध्ये जोराचा पाऊस झाला आणि शेतातल्या शेणखतातले जंतू एका उथळ विहिरीत उतरले. सात माणसं गेली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. चौकशीत निघालं ते आपल्याकडच्या कुणालाही ओळखीचं वाटेल. तिथल्याही लोकांची क्लोरीनच्या चवीबद्दल कुरकुर होती. पाणीपुरवठ्याचे कर्मचारी विहिरीवर कच्चं पाणी स्वतः पीत, इतका त्यांचा त्यावर विश्वास. क्लोरीन कमी टाकला जाई आणि शिल्लक क्लोरीनचे आकडे न मोजताच रजिस्टरात लिहिले जात, बहुधा ०.५ किंवा ०.७५. आमचे गृहस्थ तिथं असते तर कर्मचाऱ्यांचा सत्कारच झाला असता.

एवढं लांब जायचं नसेल तर इचलकरंजी आहे. तिथं २०१२ साली ‘ई’ प्रकारच्या काविळीची साथ आली, माणसं दगावली. मैलामिश्रित पाण्यातून पसरणारा हा आजार.

मध्येच एक जुना वाद उकरून काढायला हवा. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन व्हावी म्हणून कोल्हापूर शहर वर्षानुवर्षं भांडलं, आणि २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आलं. मागणी रास्तच होती. पण त्या वादात एक समजूत घट्ट बसली: पाणी धरणातलं असलं की बाकी चिंता मिटली. पाणी धरणातून आलं तरी नळ दिवसातून तासभरच चालत असेल तर उरलेले तेवीस तास नळी रिकामी असते. तिच्यातला दाब गेला की फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटारीचं पाणी आत ओढलं जातं. उगम कितीही निर्मळ असो, शेवटच्या गल्लीत त्याची साक्ष चालत नाही.

राहिला आरओ. त्याचं मुख्य काम क्षार काढणं. भोगावती, कुंभी, कासारी या नद्यांच्या वरच्या अंगाला पाणी पावसाचं, क्षार मुळातच कमी. तिथं आरओ बसवणं म्हणजे पाणी वाया घालवायचं यंत्र बसवणं. विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथं आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच सांगितलं होतं. शिरोळकडच्या खारवट पट्ट्यात त्याची गरज पडू शकते, हे मान्य. पण त्या यंत्रात क्लोरीनही निघून जातो. जार नीट धुतला नसेल तर पुढं राखणीला काहीच नाही. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस (गिलां-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा सिंहगड रस्त्याच्या भागात काही खासगी आरओ केंद्रांचेच नमुने दूषित निघाले आणि महापालिकेला त्यांना टाळं ठोकावं लागलं.

कागदी खेळाचा आरोप मात्र अर्धा खरा आहे. महिन्याचे रकाने एका बैठकीत, एकाच पेनानं भरलेली रजिस्टरं जिल्ह्यात शोधावी लागणार नाहीत. पण त्यावरून मोजणंच बंद करा म्हणणं हा अजब न्याय झाला.

मग करायचं काय? फार थोडं. जलसुरक्षकानं, म्हणजे गावच्या पाणी सोडणाऱ्यानं, रोज शेवटच्या नळाचं पाणी नळीत घ्यावं, ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकावे, पिवळा रंग तक्त्याशी ताडावा आणि आकडा चावडीच्या फळ्यावर खडूनं लिहावा. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे. त्यातल्या एकीनं कुठल्याही दिवशी न सांगता तोच नळ तपासावा. टीसीएलचं पोतं कोरड्या जागी ठेवावं आणि त्यावर खरेदीची तारीख घालावी. जलसुरक्षकाचा पगार थकवू नये, त्यासाठी पाणीपट्टी भरावी, सुशिक्षितांनी आधी. १५ ऑगस्टची ग्रामसभा ऐन पावसाळ्यात येते. त्या दिवशी सत्काराच्या आधी प्रयोगशाळेचा अहवाल मोठ्यानं वाचावा, कोणत्या गल्लीचा नमुना नापास झाला ते नावासकट.