फिरलेला सौदा

१९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून चाकणचे माळ मोटारींच्या कारखान्यांनी गजबजेपर्यंत, देशाच्या कानाकोपऱ्यांतून या पट्ट्यात जो श्रमिक आला, त्याच्या आयुष्याची सारी पुंजी अखेरीस एका साठेखतात गुंतते. भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढून, घरचे सोने गहाण टाकून आणि बँकेचे कर्ज मंजूर करवून त्याने विसार द्यावा, आणि नव्या रस्त्याच्या वार्तेने भाव चढताच विक्रेत्याने ‘तुमचा विसार घेऊन जा’ म्हणून दार लावावे, या अन्यायापुढे मुकाट्याने मान तुकवण्याचे त्यास काहीही कारण नाही. विसार परत मिळाला म्हणजे न्याय झाला, ही समजूत आम्हांस सर्वथा घातक वाटते. कारण तेवढ्या रकमेत तेच घर आता त्यास कोठेही मिळणार नसते.

कायदा त्याच्या बाजूस आहे, आणि पूर्वीपेक्षा अधिक आहे. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टखाली विक्रेत्याकडून खरेदीखतच करून मागण्याचा दावा पूर्वीही लावता येई, पण तसा हुकूमनामा देणे न देणे न्यायाधीशाच्या विवेकावर अवलंबून असे. १ ऑक्टोबर २०१८ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने करारपूर्ती हाच नियम ठरवला. त्यापूर्वीही, मुंबईतील एका सदनिकेच्या १९६६ सालच्या करारावर २००२ मध्ये निवाडा देताना, केवळ किमती वाढल्या म्हणून करारपूर्ती नाकारता येत नाही, फार तर खरेदीदाराने वाजवी जादा रक्कम भरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. करारापासून त्या निवाड्यापर्यंत छत्तीस वर्षे गेली, हे मात्र विसरता येत नाही.

परंतु हा हक्क जागरूकासच फळतो. आपण उरलेली रक्कम देण्यास पहिल्या दिवसापासून सिद्ध होतो, हे वादीने कर्जमंजुरीच्या पत्राने, बँकेच्या खात्याने आणि वेळेवर दिलेल्या लेखी नोटिशीने शाबीत करावे लागते. करारातील मुदतीच्या तारखेपासून, आणि मुदत नसल्यास नकार कळल्यापासून, तीन वर्षांत दावा दाखल व्हावा लागतो. ताबा आणि, करारपूर्ती न मिळाल्यास, विसाराचा परतावा या मागण्याही दाव्यात स्पष्ट मांडाव्या लागतात. साठेखत नोंदवलेले नसले तरी अशा दाव्यात ते पुराव्यात येऊ शकते; मुद्रांक अपुरा असल्यास मात्र तूट व दंड भरेपर्यंत ते अडून राहते. विक्रेता बिल्डर असल्यास मार्ग थोडा सुकर आहे: नोंदणीकृत कराराविना दहा टक्क्यांहून अधिक रक्कम त्यास घेता येत नाही, कराराबाहेर जाऊन वाटप रद्द करता येत नाही, आणि तक्रार महारेरा या नियामक प्राधिकरणाकडे नेता येते. जुन्या सदनिकेच्या खाजगी व्यवहारास ते छत्र नाही.

ज्यास झुंजण्याचे बळ नाही त्याने सौदा मोडावा, त्यात कमीपणा नाही. पण रक्कम खात्यात जमा होईपर्यंत रद्दलेखावर सही करू नये. दिलेल्या रकमेपुरता मिळकतीवर त्याचा बोजा राहतो, आणि रद्दलेख नोंदवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज केल्यास मुद्रांक शुल्काचा परतावाही मागता येतो.

आम्हांस सर्वाधिक खटकते ती गोष्ट निराळीच आहे. दावा चालू असता मिळकत तिसऱ्यास विकली तरी तो निकालास बांधील राहतो, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५२ वे कलम सांगते. महाराष्ट्रात मात्र १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे, त्या दाव्याची नोटीस वादीने दुय्यम निबंधकाकडे स्वतंत्रपणे नोंदवल्याखेरीज हे संरक्षण लाभत नाही. पाळीवरून सुटून वकिलाकडे धावणाऱ्या कामगारास ही अट ठाऊक असण्याचा संभव किती? मनाई हुकूमही मिळाला नाही, तर दरम्यान घर दुसऱ्याच्या नावे चढते आणि जिंकलेला दावा नव्या दाव्यास जन्म देतो. यास्तव राज्य शासनाने कायद्यात बदल करून, दाव्यास क्रमांक पडताच न्यायालयाच्या कचेरीनेच ती नोटीस संबंधित, म्हणजे या पट्ट्यात हवेली वा खेडच्या, दुय्यम निबंधकाकडे विनाशुल्क रवाना करावी, अशी तरतूद केली पाहिजे. आणि खोट्या दाव्यांनी प्रामाणिक मालकाची मिळकत अडकू नये म्हणून आरंभी ही सोय नोंदणीकृत साठेखत असलेल्या दाव्यांपुरतीच ठेवण्यास आमची हरकत नाही.