उद्या लिहू म्हणता म्हणता

आमच्या घरातील फळीवर एक दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर वरच्या बाजूला 'जयभीम', त्याखाली तारीख आणि 'आत्याच्या आठवणी' एवढेच लिहिलेले आहे. पुढची सारी वही कोरी होती.

आमची आत्या वरोरला राहत असे. लहानपण मात्र तिचे मुंबईत गेले. 7 डिसेंबर 1956 रोजी, सहा वर्षांची असताना, वडिलांच्या खांद्यावर बसून तिने बाबासाहेबांची अंत्ययात्रा पाहिली होती. त्या गर्दीत वडिलांची एक चप्पल हरवली. उरलेली एक चप्पल हातात धरून ते घरापर्यंत अनवाणी चालत आले, आणि त्या रात्री चाळीत कुणाचीच चूल पेटली नाही, असे ती सांगे. सांगून झाले की म्हणे, "हे लिहून ठेव रे बाबा." आम्ही म्हणत असू, "येत्या रविवारी नक्की."

रविवार आले आणि गेले. कधी पाळी बदलली, कधी घरात पाहुणे आले, कधी वही सापडली तर पेन सापडेना. गेल्या पावसाळ्यात आत्या गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सर्वांनी आम्हालाच दोन शब्द बोलायला उभे केले. आम्ही उभे राहिलो आणि लक्षात आले, आत्याची ती चाळ कोणती, हेच आम्हाला ठाऊक नाही. घरात कुणालाच ठाऊक नव्हते. जिला ठाऊक होते ती समोर फोटोत होती.

आम्हाला वेळ नव्हता, असे म्हणणे खोटे ठरेल. वाणगाव स्टेशनवर लोकलची वाट पाहत आम्ही रोज बसतो आणि मोबाईल चाळतो. खरे कारण भीती हे होते. आपले शुद्धलेखन चुकेल, लोक हसतील, आपल्यासारख्या कामगाराच्या घरात लिहिण्यासारखे काय घडले आहे, असे वाटे. त्या भीतीला आम्ही 'रविवार' असे नाव दिले होते. चालढकल करणाऱ्या माणसाला सबबी शोधाव्या लागत नाहीत, त्या आपण होऊन येतात.

फलटणच्या बेबी कांबळे यांची गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली पाहिजे. त्या किराणा दुकान चालवीत. संसार, मुले, गिऱ्हाईक हे सारे सांभाळून, दुकानात बसल्या बसल्या त्यांनी आपल्या समाजाच्या बायांचे जगणे लिहून काढले. घरच्यांना कळू नये म्हणून ते कागद त्यांनी सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. पुढे 1982 साली ते लेखन 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि 1986 साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. निवांत खोली आणि मोकळी दुपार मिळेपर्यंत त्या थांबल्या असत्या, तर ते पुस्तक झाले नसते.

शांताबाई कांबळे शिक्षिका होत्या. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपली हकीकत लिहिली. तेही पुस्तक 1986 सालचेच. त्याचे नावच पाहा, 'माज्या जल्माची चित्तरकथा'. शिक्षिकेला शुद्ध भाषा येत नव्हती का? येत होती. पण घरात जसे बोलतो तसे लिहायला त्या लाजल्या नाहीत.

आणि लिहिण्यासारखे काय घडले, असे ज्याला वाटते त्याने बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटेसे लेखन आठवावे. त्यांच्या हस्ताक्षरातील हा मजकूर पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1990 साली प्रसिद्ध केला. त्यात 1901 सालचा एक प्रवास आहे. वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरतात. त्यांची जात कळल्यावर कुणी गाडीवान तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल होतो, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. जवळ जेवण होते, प्यायला पाणी मिळाले नाही. एवढा मोठा कायदेपंडित, पण त्याने स्टेशनचे नाव, गाडीचे भाडे आणि पाण्याची तहान नोंदवून ठेवली. म्हणूनच ती गोष्ट आज कुणाला खोटी म्हणता येत नाही.

तेव्हा आम्ही स्वतःला काही नियम घालून घेतले आहेत. एका वेळी एकच प्रसंग आणि दहाच ओळी. तारीख, गाव आणि माणसाचे नाते आधी लिहायचे. पहिल्यांदा लिहिताना खोडायचे नाही, शुद्धलेखन नंतर मुलीकडून तपासून घ्यायचे. वेळ रविवारची नाही, रोजची, गाडी येईपर्यंतची. वहीत जमत नसेल तर मोबाईलवर लिहावे, नाहीतर म्हाताऱ्या माणसाचे बोलणे त्यातच टेपून घ्यावे. ताई-माईंनी भात शिजेपर्यंतचा वेळ धरला तरी पुरे. लिहिलेले महिन्यातून एकदा घरच्यांना वाचून दाखवावे. ऐकणारे कुणी आहे म्हटले की हात आपोआप चालतो.

वरोरच्या किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत असतात. आभाळ भरून आले की तिथली बाई 'उद्या उचलू' म्हणत नाही. हातातले काम टाकून धावते. आपल्या घरातल्या ऐंशीच्या घरातल्या माणसांच्या आठवणींवरही आभाळ भरून आलेले आहे.

परवा वाणगावच्या बाकावर बसून आम्ही त्या वहीचे दुसरे पान लिहिले. वडिलांची हरवलेली चप्पल आली, न पेटलेल्या चुली आल्या. चाळीच्या नावाची जागा मोकळी सोडली आहे. ती आता भरायची नाही. तुमच्या घरी विचारायला अजून कुणी असेल, तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसा. वही सोबत घेऊन बसा.