ल्युसर्न : रिकाम्या चौकटी जपणारे नगर

महाराष्ट्रातून युरोपच्या सहलीला जाणाऱ्या कुटुंबांच्या कार्यक्रमपत्रिकेत ल्युसर्नचे नाव बहुधा असतेच. टिटलिसच्या बर्फाकडे जाताना किंवा तिकडून परतताना बस सरोवरकाठी थांबते. लाकडी पुलासमोर छायाचित्रे निघतात, सिंहाच्या शिल्पाला धावती भेट होते, घड्याळांच्या आणि चॉकलेटच्या दुकानांत उरलेला वेळ जातो. दोन तासांत बस पुढे निघते. घरी परतल्यावर स्मरणात राहतात ती सरोवरातील शुभ्र राजहंसांची आणि पुलावरील फुलांची चित्रे. या नगराला दोन तासांऐवजी एक पूर्ण दिवस देणाऱ्या प्रवाशाला मात्र याहून निराळे काही दिसते. त्या दर्शनात जैन कुटुंबाला विचारात पाडणारे बरेच आहे.

ल्युसर्न हे मध्य स्वित्झर्लंडचे जर्मनभाषक नगर. ज्या सरोवराच्या काठी ते वसले आहे, त्याच्या जर्मन नावाचा अर्थ चार वनप्रांतांचे सरोवर असा होतो. सरोवरातून बाहेर पडणारी रॉइस नदी नगराच्या मधून वाहते. १३३२ साली हे नगर स्विस संघात सामील झाले. झुरिकहून रेल्वेने येथे पोहोचायला सुमारे पाऊण तास लागतो, आणि स्थानकाबाहेर पाऊल ठेवताच सरोवर समोर येते. जुने नगर पायीच पाहावे, इतके ते आटोपशीर आहे.

दिवसाची सुरुवात कापेलब्रुके या छत असलेल्या लाकडी पुलापासून करावी. चौदाव्या शतकात नगराच्या तटबंदीचा भाग म्हणून तो बांधला गेला. काठावरील सेंट पीटरच्या चॅपलवरून त्याला हे नाव मिळाले. नदी तिरकी ओलांडणाऱ्या या पुलाची आजची लांबी सुमारे २०० मीटर आहे. त्याला लागून पाण्यात उभा असलेला अष्टकोनी बुरूज पुलाहूनही जुना असून कधी कोषागार, कधी दप्तरखाना, तर कधी तुरुंग म्हणून तो वापरला गेला. सतराव्या शतकात पुलाच्या छताखाली त्रिकोणी फळ्यांवर रंगवलेली चित्रे बसवण्यात आली. नगराचा आणि देशाचा इतिहास, तसेच संतांच्या कथा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर त्रिकोणी चौकटींतून उलगडत असत.

१८ ऑगस्ट १९९३ च्या रात्री या पुलाला आग लागली. पुलाचा मोठा भाग आणि जवळजवळ दोन-तृतीयांश चित्रे काही तासांत नष्ट झाली. साडेतीनशेहून अधिक वर्षे टिकलेले रंग एका रात्रीत राख झाले. नगराने पूल मूळ रचनेबरहुकूम पुन्हा उभारला आणि एप्रिल १९९४ मध्ये तो रहदारीला खुला केला. आज त्यावरून चालणाऱ्याला दोन्ही टोकांजवळ जुनी चित्रे दिसतात. मधल्या भागात मात्र छताखालच्या कित्येक चौकटी रिकाम्याच आहेत. येथे काही होते आणि ते आता नाही, ही गोष्ट झाकलेली नाही. घाईतला प्रवासी फुलांकडे पाहत पूल ओलांडतो आणि मान वर करण्याचे राहून जाते.

नदीच्या कडेने प्रवाहाबरोबर खाली गेल्यास सतराव्या शतकातील जेझुइट चर्च लागते. त्यापुढे सरोवराची पातळी राखण्यासाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेला बंधारा आहे. लाकडी दांड्या हातांनी काढून किंवा बसवून त्यातील प्रवाह कमी-अधिक केला जातो. बंधाऱ्यापलीकडे दुसरा लाकडी पूल दिसतो, तो श्प्रॉयरब्रुके. श्प्रॉयर म्हणजे धान्याचा कोंडा. गिरण्यांतील कोंडा नदीत टाकण्याची मुभा नगरातील या सर्वांत खालच्या पुलावरूनच होती, म्हणून हे नाव.

या पुलाच्या छताखाली कास्पार मेग्लिंगर या चित्रकाराच्या हाताखाली १६२६ ते १६३५ या काळात रंगवलेली चित्रमाला आहे. तिचा विषय मृत्यूचे नृत्य हा आहे. मूळ ६७ चित्रांपैकी ४५ आज शिल्लक आहेत. बहुतेक चित्रांत सांगाड्याच्या रूपातील मृत्यू कोणा ना कोणाला न्यायला आलेला आहे. त्याच्यापुढे सत्ताधारी आणि धर्माधिकारी, धनिक आणि कष्टकरी, तरुण आणि वृद्ध असा भेद नाही. धान्याची पोती घेऊन गिरणीकडे निघालेला माणूस रोज याच चित्रांखालून जात असे.

बारा भावनांचे चिंतन ज्या घरात होते, तेथील माणसाला हा विषय परका वाटणार नाही. अनित्य आणि अशरण या पहिल्या दोन भावना हेच सांगतात की वैभव, देह, आप्त यांपैकी काहीही टिकणारे नाही आणि मृत्यूसमोर कोणाचाही आश्रय उपयोगी पडत नाही. अर्थात दोन्ही परंपरांमधला भेदही ध्यानात घ्यायला हवा. त्या चित्रांमागे ख्रिस्ती श्रद्धेतील अंतिम न्यायाची कल्पना आहे, तर जैन चिंतनात जीव आपल्याच कर्मांचा भोक्ता आहे. आणखी एक तपशील येथे नजरेत भरतो. चित्रांच्या खालच्या कोपऱ्यांत ती अर्पण करणाऱ्या दात्यांची आणि त्यांच्या पत्नींच्या घराण्यांची कुलचिन्हे रंगवलेली आहेत. मंदिराच्या पायरीवर दात्याचे नाव कोरण्याची रीत आपल्याकडे सर्वपरिचित आहे. ल्युसर्नच्या दात्यांनी आपले कुलचिन्ह मृत्यूच्या चित्राखाली रंगवून घेतले.

पुलावरून उत्तर काठाला आले की चढणीच्या वाटेने म्युझेग तटबंदीकडे जाता येते. मध्ययुगीन तटबंदीचा हा उरलेला भाग सुमारे ८०० मीटर लांब असून त्यावर नऊ बुरूज आहेत. थंडीचे महिने सोडले तर काही बुरुजांवर विनामूल्य चढता येते. झिट बुरुजावरील घड्याळ १५३५ सालचे आहे. नगरातील इतर सर्व घड्याळांच्या एक मिनिट आधी टोले देण्याचा मान त्याला आहे. सरोवरातील कोळ्यांना दुरूनही वेळ कळावी म्हणून त्याची तबकडी मोठी केलेली आहे. तटावरून जुन्या नगराची छपरे, निळे सरोवर आणि पिलाटुस पर्वत एका नजरेत येतात.

दुपारच्या भोजनासाठी ही जागा उत्तम आहे. घरून आणलेल्या दशम्या, खाकरे आणि चटणी येथे बसून खाता येतात. बाहेरचे घ्यायचे झाल्यास काही गोष्टी आधीच माहीत असाव्यात. रोश्टी हा तेथील प्रसिद्ध पदार्थ बटाट्याचा असतो, तेव्हा कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांना तो चालणार नाही. ग्रुयेर आणि एमेंटालसारखी परंपरागत चीज तयार करताना वासराच्या जठरातील द्रव्य वापरले जाते, हे पुष्कळ शाकाहारी प्रवाशांच्या ध्यानीमनीही नसते. मिठायांमध्ये जिलेटिन, केकमध्ये अंडे असण्याचा संभव असतोच. दुकानातील वस्तूंवर शाकाहाराचे हिरवे-पिवळे चिन्ह पाहून खरेदी करणे सोयीचे. नगरातील कारंज्यांचे पाणी, तसा निषेधाचा फलक नसेल तर, पिण्याजोगे असते. नेमाने पाणी गाळून पिणाऱ्यांनी गाळणे सोबत ठेवावे.

तटबंदीच्या पूर्व टोकाकडून दहा-पंधरा मिनिटे चालल्यावर मरणोन्मुख सिंहाचे स्मारक येते. एका जुन्या खाणीच्या वालुकाश्माच्या कड्यात हे शिल्प कोरलेले असून सिंह सुमारे १० मीटर लांब आहे. आराखडा डॅनिश शिल्पकार थोरवाल्डसेन यांचा, कोरीव काम लुकास आहोर्न यांचे. १८२१ साली त्याचे अनावरण झाले. १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसच्या ट्युलरी राजवाड्याचे रक्षण करताना फ्रान्सच्या राजाच्या सेवेतील शेकडो स्विस सैनिक मारले गेले. त्यांची ही स्मृती आहे. मृत सुमारे ७६० आणि वाचलेले सुमारे ३५० अशी संख्या शिल्पाखाली लॅटिन अंकांत कोरली आहे. राजा मात्र लढाई सुरू होण्यापूर्वीच राजवाडा सोडून गेला होता.

परक्या राजांच्या चाकरीत लढणे हा त्या काळी स्विस तरुणांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा पोटाचा उद्योग होता, आणि त्यांना पाठवणाऱ्या घराण्यांच्या संपत्तीचा उगमही तोच. अशा सेवेचा गौरव करणारे स्मारक तेव्हाच्या उदारमतवाद्यांना रुचले नव्हते. पुढे १८४८ च्या राज्यघटनेने परकीय राज्यांशी सैनिक पुरवण्याचे करार करण्यास मनाई केली.

सिंह हे भगवान महावीरांचे लांछन. जिनप्रतिमेच्या पीठावर तो निर्भय, शांत दिसतो. त्या सिंहाची सवय असलेल्या डोळ्यांना हा सिंह अस्वस्थ करतो. कुशीत भाल्याचा तुकडा रुतलेला, मुद्रा वेदनेने पिळवटलेली, पंजाखाली फ्रेंच राजवंशाची ढाल. युद्धाचे स्मारक असूनही येथे विजय नाही, शत्रू नाही, उगारलेले शस्त्र नाही. दिसते ते केवळ एका जीवाचे मरण. समोरच्या लहानशा तळ्याकाठी प्रवाशांचे जथे येत-जात असतात. गर्दी ओसरेपर्यंत जो थांबतो, त्याला निष्ठा कोणासाठी आणि कशासाठी खर्च करावी, हा प्रश्न टाळता येत नाही.

शेजारीच हिमनदी उद्यान आहे. १८७२ साली मद्याच्या तळघरासाठी खोदकाम सुरू असताना खडकात प्रचंड रांजणखळगे सापडले. मालकाने तळघराचा बेत सोडला आणि जागा जतन करून लोकांसाठी खुली केली. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमनदीखालील पाण्याच्या वेगाने हे खळगे कोरले गेले. सर्वांत खोल खळगा साडेनऊ मीटरांचा आहे. त्याच परिसरातील खडकांत शिंपले आणि ताडाच्या पानांचे जीवाश्म मिळतात, कारण दोन कोटी वर्षांपूर्वी येथे उष्ण समुद्रकिनारा होता. कालचक्राच्या आऱ्यांचे वर्णन लहानपणापासून ऐकणाऱ्या मुलांना येथे अवश्य न्यावे. काळ केवढा मोठा असतो, याची कल्पना त्या खळग्याच्या काठावर उभे राहिल्यावर त्यांना येईल.

तेथून सरोवरकाठ जवळ आहे. वाफेवर चालणाऱ्या जुन्या चाकांच्या नौका अद्याप येथे फेऱ्या घालतात. तासाभराची फेरी सायंकाळी करता येते. जूनमध्ये येथे सूर्यास्त रात्री सव्वानऊनंतर होतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम सहज पाळता येतो. डिसेंबरात मात्र पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा त्या दिवसांत जाणाऱ्यांनी चौविहाराचे गणित आधी मांडावे.

परतीच्या गाडीपूर्वी पुन्हा कापेलब्रुके येतो. सकाळी केवळ उणीव भासलेल्या त्या रिकाम्या चौकटी, दिवसभरात एवढे पाहून झाल्यावर, निराळ्या वाटतात. सर्व काही अनित्य आहे, हे या नगराने आपल्या पुलावर रंगवले. म्हणून त्याने पुलाची देखभाल सोडली नाही, आणि देखभाल केली म्हणून आगीची खूण पुसूनही टाकली नाही.

आपल्या गावोगावच्या जुन्या मंदिरांचे जीर्णोद्धार श्रद्धेने आणि मोठ्या खर्चाने होतात. परंतु त्या उत्साहात कोरीव लाकडी खांब, रंगवलेली छते आणि पूर्वजांनी कोरवलेले लेख अनेकदा नव्या संगमरवराआड जातात. काही तर अडगळीत किंवा भंगारात पोहोचतात. पुढच्या पिढीला मंदिर झळझळीत दिसते, पण ते कोणी, केव्हा आणि कोणत्या हलाखीत उभारले, हे सांगणारे काही उरत नाही. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत आराखडा मंजूर होण्यापूर्वी, जुन्यातले काय जसेच्या तसे ठेवायचे याची एक यादी आधी केली गेली, आणि जे गेले त्याची जागा एखाद्या साध्या फलकाने दाखवली गेली, तर त्यासाठी फारसा खर्च येणार नाही. ल्युसर्नला जाऊन आलेल्या एखाद्या विश्वस्ताने तरी ती यादी मागावी.