एक पाणी, चार मापं

पावसाळा सुरू झाला की माणसं चहाच्या टपरीवरही टीएमसीत बोलू लागतात. कोयना किती? पंच्याऐंशी. पंच्याऐंशी म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की मात्र सगळे चहाकडे बघतात.

एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. दहा हजार लिटरचे टँकर लावले तर २८ लाखांहून जास्त लागतील. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान पद्धत आली, शेर-पायली बाजारातून उठली. पाटबंधाऱ्यातलं फूट मात्र हललं नाही. १९७६ मध्ये कृष्णेच्या पाणीवाटपाचा बच्छावत निवाडा पक्का झाला, तोही टीएमसीतच. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६०. भांडण ज्या मापात मिटलं, त्याच मापात हिशेब ठेवावा लागतो, हे एक वेळ समजू शकतं.

पण राज्याच्या आतही एकवाक्यता नाही. मुंबई दशलक्ष लिटरमध्ये मोजते. तिच्या सात तलावांची क्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर! आकड्यानेच छाती दडपते. टीएमसीत आणा, ५१ भरतात. १०५ टीएमसीच्या कोयनेच्या निम्म्याहून कमी.

खरी गंमत गोदावरीच्या खोऱ्यात आहे. नाशिक-नगरकडे बोली दशलक्ष घनफुटांची: गंगापूर ५,६३०, भंडारदरा ११,०३९, मुळा २६,०००. तेच पाणी पैठणला पोहोचलं की दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर होतं. जायकवाडीची एकूण क्षमता २,९०९ दलघमी. वाटेत नदी तीच, माप मात्र ३५ पटींनी बदललेलं. त्यामुळे २६ हजारांचं मुळा २,९०९ च्या जायकवाडीपेक्षा मोठं वाटलं तर वाचणाऱ्याला दोष कसा द्यायचा? प्रत्यक्षात मुळा २६ टीएमसीचं, जायकवाडी जवळपास १०३ चं.

त्यात टक्केवारीची भर. जायकवाडी ‘शून्य टक्के’ झालं म्हणजे उपयुक्त साठा संपला; तळाशी ७३८ दलघमी मृतसाठा असतोच. तोही २६ टीएमसी, म्हणजे आख्खं मुळा धरण. वरचे म्हणतात, खाली एवढं पाणी आहे; खालचे म्हणतात, आमच्याकडे शून्य आहे. दोघंही खोटं बोलत नाहीत.

हिशेब अवघड नाही. टीएमसीला २८.३ ने गुणलं की दलघमी. दशलक्ष लिटरला हजाराने भागलं की दलघमी. दशलक्ष घनफुटाला हजाराने भागलं की टीएमसी. आणि ११,५७४ क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला तितक्या घनफुटांचा, विसर्ग दिवसभर चालला की एक टीएमसी पाणी गेलं.

जायकवाडीला वरून पाणी सोडायचं की नाही, यावर दुष्काळी वर्षात मोर्चे निघतात, कोर्टकचेऱ्या होतात. कुणाची बाजू खरी, ते मी सांगणार नाही. पण दोन्ही बाजूंची धरणं एकाच मापात, एकाच तक्त्यात छापायला तर कोणत्या न्यायालयाची परवानगी लागत नाही!