कसेल त्याची जमीन. वाजवील त्याचे काय?

नेवाशाच्या बाजारपेठेत ‘डॉल्बी’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली ध्वनिवर्धकांची भिंत उभी राहते. मिरवणूक गणपतीची असो, वरातीची असो की ग्रामपंचायतीतील विजयाची असो, ‘डॉल्बी लावली’ एवढे सांगितले की पुढचे कळते. खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि म्हातारी माणसे दारे लावून, छातीवर हात ठेवून आत बसतात. ज्या रे डॉल्बी या अभियंत्याचे हे नाव, त्याने १९६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली ती ध्वनिफितीतील खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट कमी करणाऱ्याचे नाव आपण गोंगाटालाच द्यावे, हा भाषेने इतिहासावर केलेला विनोद म्हणावयाचा.

परंतु आज लिहावयाचे आहे ते शहरातल्या दुसऱ्या, सुसंस्कृत समजल्या जाणाऱ्या डॉल्बीविषयी. गेली काही वर्षे १९७०च्या दशकातील गाजलेल्या गाण्यांच्या रेकॉर्डी ‘चहूबाजूंनी ऐकू येणाऱ्या’ नव्या ध्वनीत पुन्हा बाजारात आणण्याचा उद्योग जगभर जोरात आहे. पिंक फ्लॉइड या इंग्रज वाद्यवृंदाची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही १९७३ची रेकॉर्ड घ्या. तिची चार ध्वनिवर्धकांसाठीची आवृत्ती त्याच काळात निघाली, सहा मार्गांची आवृत्ती २००३ मध्ये निघाली आणि पन्नाशीचे निमित्त साधून २०२३ मध्ये ‘अ‍ॅटमॉस’ची निघाली. गाणी तीच, गाणारे तेच. यांपैकी चार ध्वनिवर्धकांचा पहिला प्रयोग १९७०च्या दशकातच आपटला होता. प्रत्येक कंपनीने आपापली वेगळी पद्धत काढली, एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट वाजेना आणि शहाण्या गिऱ्हाइकाने दोन्हींना रामराम ठोकला. नियोजनशून्य स्पर्धेचा हा नमुना मी वर्गात अनेक वर्षे सांगत असे.

आता मात्र दिवाणखान्यात चार खोकी मांडण्याची गरज उरलेली नाही. मोबाइल आणि कानावरची दोन बोंडे पुरतात. चहूबाजूंचा आभास गणिताने निर्माण होतो. अ‍ॅपल कंपनीने २०२१ मध्ये आपल्या संगीतसेवेत ही सोय आणली आणि २०२४च्या आरंभी जाहीर केले की, या स्वरूपात उपलब्ध असलेल्या संगीताला दहा टक्क्यांपर्यंत अधिक रॉयल्टी मिळेल. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापुढे फारसे सांगावे लागू नये. ज्याच्या गोदामात जुन्या फितींचा साठा मोठा, त्याला तो साठा नव्या पद्धतीत ओतण्याचे प्रलोभन मोठे. नवे गाणे निर्माण करण्यात जोखीम आहे. जुने गाणे पुन्हा विकण्यात ती जवळजवळ नाही.

आपल्याकडे लोकप्रिय संगीत म्हणजे प्रामुख्याने चित्रपटसंगीत. म्हणून आपले उदाहरण ‘शोले’चे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी, आणीबाणी लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, हा चित्रपट प्रदर्शित झाला. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात तो ७० मिलिमीटरच्या पडद्यावर, सहा मार्गांच्या ध्वनीसह पाच वर्षांहून अधिक काळ चालला. त्याचा मूळ शेवट, ज्यात ठाकूर गब्बरसिंगाला ठार करतो, सेन्सॉरने तेव्हा बदलावयास लावला होता. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने चित्रपटाच्या मालकांसह तो परिश्रमपूर्वक दुरुस्त केला, मूळ शेवटासह तो जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात दाखविला गेला आणि डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या चित्रगृहांत आला. हे काम स्तुत्य आहे. आणीबाणीने कापलेला शेवट पन्नास वर्षांनी परत आला, याचा आनंद निदान या पानाच्या वाचकांना तरी समजावून सांगावा लागणार नाही.

माझा आक्षेप आहे तो ‘मूळ अनुभव परत मिळाला’ या जाहिरातीच्या भाषेला. कोणाचा मूळ अनुभव? ‘शोले’ आला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. आमच्याकडे तो पोहोचला पुष्कळ उशिरा, यात्रेतल्या तंबूत. पडद्यामागे एकच कर्णा, शेजारी इंजिनाची फडफड आणि मधूनच तुटणारी फीत. त्याआधी तो आम्हांला पाठ झाला होता तो पॉलिडॉरच्या संवादांच्या रेकॉर्डीमुळे; मांडव घातलेल्या प्रत्येक दारी सत्यनारायणाच्या कथेआधी गब्बरसिंगाचे संवाद होत. नाणे टाकल्याचा आवाज खुर्चीखाली ऐकून मुंबईकर प्रेक्षक वाकून पाहत, असे सांगत. आमचे नाणे पडद्यावरच पडले. महाराष्ट्रातील बहुसंख्य जनतेने १९७०च्या दशकातील संगीत असेच, एकाच कर्ण्यातून ऐकले. रेडिओ सिलोनवर अमीन सायानींचा कार्यक्रम, विविध भारती, पानाच्या टपरीवरचा ट्रान्झिस्टर, एस.टी. स्टँडवरचे हॉटेल. तेव्हाही सहा मार्ग होते ते मिनर्व्हाचे तिकीट परवडणाऱ्यांसाठी.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे, पण ती सांगितल्यावाचून पुढचा मुद्दा कळणार नाही. मुंबईच्या मेहबूब, फेमस किंवा फिल्म सेंटर या ध्वनिमुद्रणालयांत त्या काळची बहुतेक गाणी गायक आणि साठ-सत्तर वादक एकत्र बसवून, एका दमात मुद्रित होत. व्हायोलिनच्या रांगेत एकाची चूक झाली की गाणे पहिल्यापासून. प्रत्येक वाद्याची स्वतंत्र फीत पुष्कळदा नसेच. मग चहूबाजूंना पसरावयाचे काय? आता यंत्रच एका फितीतले आवाज वेगळे काढते: ढोलक इकडे, बासरी तिकडे, गळा मध्ये. बीटल्सच्या १९६६च्या ‘रिव्हॉल्व्हर’चे २०२२ मध्ये असेच विच्छेदन करून नवे मिश्रण निघाले. तेव्हा कोणते वाद्य श्रोत्याच्या पाठीमागे वाजावे हे राहुलदेव बर्मन यांनी ठरविलेले नसते, ते आज पगारावर बसलेला कोणी तंत्रज्ञ ठरवितो. त्याच्या कौशल्याला मी नावे ठेवीत नाही. पुतण्याने पुण्याहून आणलेल्या कर्णयंत्रावर मी पिंक फ्लॉइडची घड्याळे ऐकली आणि खरे सांगावयाचे तर दचकलो. पूर्वी एका मोठ्या कंपनीने जुन्या गाण्यांवर नवा वाद्यवृंद चढवून ती विकली, कोणी ‘झंकार’ चिकटविला. त्या विद्रूपतेपेक्षा हे शतपटीने बरे.

‘शोले’ पाहावयास मी डिसेंबरात छत्रपती संभाजीनगरला गेलो तेव्हा सोबत आमच्या आळीतले एक गृहस्थ होते. त्यांनी चाळीस वर्षे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजविले. राहुलदेवांच्या चाली त्यांनी ऐकून ऐकून उचललेल्या. संध्याकाळी वाड्यातले दिवे मालवत जाणारी राधा आणि ओसरीवर माउथ ऑर्गन वाजविणारा जय, हा प्रसंग आला तेव्हा ते माझ्या कानाशी पुटपुटले, “सर, ह्ये खरं वाजवणारं कोन व्हतं?” मी सांगितले, भानू गुप्ता, ते राहुलदेवांचे गिटारवादक. मध्यंतरापर्यंत ते गप्प होते. मग चहा घेताना म्हणाले, “आपल्या तिकिटातलं त्यांच्या घरी काय ग्येलं आसंल?”

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात शोधावे लागते. आमच्या नगर जिल्ह्यातील जुन्या कुळांना १ एप्रिल १९५७ ही तारीख विसरता येणार नाही. कूळकायद्याप्रमाणे त्या दिवशी जमीन कसणारा तिचा मालक झाला. खंड संपला, हप्ते सुरू झाले, पण मालकी कष्टाकडे आली. त्याच वर्षी दिल्लीत संसदेने कॉपीराइटचा कायदा केला. त्यात रेकॉर्डीचा ‘कर्ता’ कोण मानला? जिच्यावरून तबकडी छापली जाते त्या मूळ साच्याचा मालक. गाणारा नव्हे, वाजविणारा नव्हे, साच्याचा मालक! एका हाताने आपण शेतातील जमीनदारी मोडली आणि त्याच वर्षी दुसऱ्या हाताने ध्वनीची जमीनदारी वसविली.

गीतकार व संगीतकारांनी दाद मागितली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये निर्णय दिला की, निर्मात्याने मोल देऊन करवून घेतलेल्या चित्रगीताचा हक्क, वेगळा करार नसेल तर, निर्मात्याचा. न्या. कृष्ण अय्यर यांनी सहमतीच्या निकालाला जोडलेल्या टिपणात गायकाला कायद्यात काहीच स्थान नाही याबद्दल खंत व्यक्त केली आणि संसदेने लक्ष घालावे असे सुचविले. संसदेला लक्ष घालावयास १९९४ साल उजाडावे लागले; त्या वर्षी प्रथम ‘कलावंताचा हक्क’ कायद्यात आला. २०१२ मध्ये, जावेद अख्तर राज्यसभेत असताना, गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतील वाटा सोडून देता येणार नाही अशी तरतूद झाली. कलावंतांच्या व्यापारी वापराच्या रॉयल्टीचाही उल्लेख आला. पण त्याच दुरुस्तीत एक परंतुक बसले. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचे नाव कोठेही दिले जात नाही, तो कलावंत मानला जाणार नाही. हे कदाचित गर्दीतल्या नटांसाठी लिहिले असेल. पण चौथ्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याचे नाव नामावलीत देण्याचा रिवाज होता काय? आधी नाव द्यावयाचे नाही, मग नाव नाही म्हणून हक्क नाही. आमच्याकडे सातबाऱ्यावर कुळाची नोंद न होऊ देणारे तलाठी असत. तीच ही युक्ती.

मुदतीचा हिशेबही पाहा. रेकॉर्डीवरील मालकाचा हक्क पूर्वी पन्नास वर्षांचा होता. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपत आला, विश्वभारतीला मदत व्हावी म्हणून मुदत साठ वर्षे झाली आणि रवींद्रनाथांच्या पालखीमागून रेकॉर्ड कंपन्याही आत शिरल्या. वादकाचा हक्क मात्र आधी पंचवीस आणि १९९९ नंतर पन्नास वर्षांचा. म्हणजे १९७५ मध्ये माउथ ऑर्गन वाजविणाऱ्याला हक्क असता तरी तो २०२५ अखेर संपला असता. रेकॉर्डीच्या मालकाचा मात्र २०३५ अखेरपर्यंत चालू आहे. एकाच सुरावर दोन घड्याळे.

आणि इथेच चहूबाजूंच्या ध्वनीचे खरे प्रयोजन दिसते. १९७० मध्ये निघालेल्या रेकॉर्डी १ जानेवारी २०३१ पासून सर्वांच्या होतील, ‘पिंजरा’ची १९७२ची गाणी २०३३च्या आरंभी, मग वर्षामागून वर्ष सारे दशक खुले होत जाईल. अर्थात हे ध्वनिमुद्रणाच्या हक्कापुरते, शब्द आणि चाल यांचा हिशेब निराळा. कंपनी नव्या मिश्रणावर नव्या वर्षाचा शिक्का मारील, ते नवे ध्वनिमुद्रण असल्याचा दावा करील आणि आणखी साठ वर्षे मागेल. न्यायालय तो मानील की नाही हा पुढचा प्रश्न. बाजारात मात्र जुनी एकमार्गी आवृत्ती हळूहळू दिसेनाशी केली की काम भागते. रिकार्डोने शिकविलेला खंड हाच: ज्याच्या निर्मितीत मालकाचा नवा घाम नाही, पण ज्याची वाट त्याच्या फाटकातून जाते, त्या वस्तूवरची वसुली.

यावर आमचेच काही साथी म्हणतील की, कोणावर सक्ती आहे काय? ज्याला हवे त्याने घ्यावे. मी स्वतः तीच गाणी तबकडीवर घेतली, कॅसेटवर घेतली, सीडीवर घेतली आणि आता दरमहा वर्गणी भरतो. वर्गणी थांबली की कपाटात काहीच उरत नाही. प्रत्येक वेळी माझ्यावर सक्ती नव्हती, फक्त जुने यंत्र मिळेनासे झाले. दुसरा आक्षेप वजनदार आहे: पैसा मिळाला नाही तर कुजत चाललेल्या फिती वाचविणार कोण? खरे आहे. फीत वाचविण्यास पैसा लागतो आणि तो खर्च मालकाने वसूल करावा. पण जे विकले जाण्याची खात्री असते तेच वाचविले जाते. ‘शोले’ला वाली मिळाला. त्याच काळातल्या वगनाट्यांच्या, शाहिरांच्या, पोवाड्यांच्या छोट्या तबकड्यांना कोण आहे? त्या आमच्या तालुक्यात भंगारवाल्याच्या तराजूत मी पाहिल्या आहेत.

तेव्हा मागणी करावयाची ती ध्वनी सुधारू नका अशी नव्हे. जुन्या मुद्रणाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा वादकांच्या कल्याणनिधीत गेला पाहिजे. सिने म्युझिशियन्स असोसिएशनजवळ जुन्या वादकांची माहिती आहे, हयात नसतील तर वारस आहेत. २०१२चे ते परंतुक वादकांना लागू नाही असे संसदेने स्पष्ट शब्दांत लिहावे. निव्वळ नव्या मिश्रणाने मुदत नव्याने सुरू होणार नाही हेही तिथेच लिहावे. आणि नवी आवृत्ती काढणाऱ्याने मूळ, जशीच्या तशी आवृत्ती उपलब्ध ठेवून तिची एक प्रत सार्वजनिक संग्रहालयात जमा करावी, वादकांच्या नावांसह, जेवढी सापडतील तेवढी. राहुलदेवांचे तालसहायक मारुतीराव कीर यांचे नाव जाणकारांना ठाऊक आहे. त्यांच्या मागे बसलेल्यांची नावे सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि हे काम आणखी दहा वर्षांनी करता येणार नाही.